खलनायकाची सुई

देवरावभाऊ, तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि काल मी एकटीच चंद्रपूरला जाऊन फ्लूची सुई घेऊन आले. डावा दंड ठणकतो आहे. दरवर्षी परतीच्या एसटीत आपण दोघं आपापला दंड चोळत बसायचो आणि कुणाचा जास्त ठणकतो यावर भांडायचो. काल भांडायला कोणी नव्हतं, म्हणून शेजारच्या बाईलाच उगाच सांगितलं, "माहा दंड लय दुखून राह्यला." ती म्हणाली, "हळद लाव." तिला काय ठाऊक!

लिहायला बसले की माझी भाषा अशी सरळ होते, तू हसशील. "पाह्य, बाई स्टेजवर चढली," म्हणशील. काय करू? जन्मभर संवाद पाठ केले ते असल्याच भाषेत. तुझ्याशी बोलायची भाषा वेगळी. ती कागदावर उतरवली तर त्यात निम्म्या शिव्याच निघतील.

कार्यक्रमात काय झालं ते सांगते. तुझ्या सुनेकडच्या कोणी पाहुण्यांनी मला विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?" आणि मी भानावर नसल्यासारखी म्हणून गेले, "आई." बिचारे माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. तुझा फोटो सत्तरीतला, पांढऱ्या मिशांचा, आणि मी तुझ्याहून लहान. वहिनी पलीकडून ओरडली, "नाटकातली हो, नाटकातली!" तेव्हा त्या मांडवात पहिल्यांदा कोणी हसलं. वहिनीसुद्धा हसली. बरं वाटलं बघ मला.

पण खोटं काय त्यात? आपल्या कंपनीत तू खलनायक आणि मी त्याची माय. दिवाळी झाली, धान घरात आलं, की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. तू मला घरातून हाकलून द्यायचास, मी पदर पसरून रडायचे, आणि पेंडालमधल्या बाया तुला मोठ्यानं शिव्या द्यायच्या. किती गावांतून तू मला हाकललंस, देव जाणे. सिंदेवाहीच्या बाजारात एका भाजीवालीनं तुला सांबार द्यायला नकार दिला होता, आठवते? "ज्यानं मायले घराबाहेर काढलं त्याले माह्या दुकानातलं पानही नाई!" आणि मला हाक मारून त्याच सांबाराची, कोथिंबिरीची, ही एवढी जुडी हातात कोंबली, फुकट. दुसरा असता तर खट्टू झाला असता. तू घरी येईपर्यंत भेटेल त्याला थांबवून सांगत होतास, "मले सांबार नाई देल्लं तिनं!" जसं काही सरकारनं तुझा सत्कारच केला होता.

आणि तुझं ते हसणं. सात मजली म्हणतात ते तसलं. आधी विंगेतून नुसतं हसणं यायचं आणि मग मागून तू. समोर बसलेली पोरं आयांच्या कुशीत तोंड लपवायची. मी मात्र नेहमी म्हणायचे, "किती ओव्हरॲक्टिंग करते हा माणूस!" तू म्हणायचास, "तू रडते ते कमी आहे का वो?"

त्या हसण्यामागे केवढा दम लागायचा, हे मला फार उशिरा कळलं. तुझं फुप्फुस काही नाटकानं खराब झालं नव्हतं. जवानीपासून मूल गावच्या राइस मिलमध्ये काम, नाकातोंडात कोंडा, आणि सुट्टी झाली की बिडी. चढ चढताना तू मध्येच थांबून उगाच झाडांकडे पाहायचास. आम्हाला वाटायचं, याला निसर्गाची आवड आहे. तू त्याला 'थोडासा दमा' म्हणायचास. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, हा दमा नाही, फुप्फुसाचा जुना आजार आहे, सीओपीडी. तोंडात ओढायचा पंप दिला. तो तू कोटाच्या आतल्या खिशात, खंजिराच्या बाजूला ठेवायचास आणि माझं रडणं सुरू झालं की विंगेत जाऊन ओढायचास. मी मुद्दाम रडणं लांबवायचे. हे तुला कधी सांगितलं नाही. तू म्हणायचास, बाई टाळ्यांसाठी लांबवते. टाळ्यांसाठी नाही रे बाबा, तुझ्यासाठी.

मग ती मूलकडची मंडई आली. तुला आदल्या दिवसापासून कणकण होती, नाक वाहत होतं. कंपनीतले अर्धे लोक खोकत होते. मंडयांच्या दिवसांत असंच असतं आपलं. एका गाडीत कोंबून बसायचं, एका ताटात जेवायचं, एकाच टॉवेलनं तोंडाचा रंग पुसायचा. एकाला ताप आला की तो ताप आपल्यासोबतच गावोगाव फिरतो. बाकीचे दोन दिवस घोंगडी घेऊन पडले आणि उठले. तू पडायला तयार नव्हतास.

शेवटच्या अंकात तुला विष चढतं आणि तू हसत हसत मरतोस. ही हसत मरायची आयडिया तुझीच. त्या दिवशी तू हसायला लागलास आणि हसू मध्येच तुटलं. पुढचा श्वास आलाच नाही. डोळे मोठे झाले, मानेच्या शिरा तटतटल्या, हात हवेत काहीतरी धरायला लागले. मी तुझ्या उशाशी होते. मला लगेच कळलं की हे तालमीत नव्हतं.

आणि समोरून शिट्ट्या! टाळ्या! "वन्स मोर! वन्स मोर!"

मी ओरडले, "पडदा टाका रे! खरंच दम अटकला याचा!" लोक आणखी खूश. मी हात जोडले, छाती पिटली, खरोखरची रडले, तर पुढच्या रांगेतल्या बाया माझ्याबरोबर रडायला लागल्या. आपल्याकडे वन्स मोर आला की तो प्रवेश पुन्हा करून दाखवावा लागतो, नाही तर पेंडाल अंगावर येतो. म्हणून पडदेवाला दोरी धरून नुसता उभा! त्याला वाटलं, देवरावभाऊ आता उठेल आणि पुन्हा मरेल. शेवटी मी तुला ओलांडून धावले, त्याच्या हातची दोरी हिसकावली आणि पडदा सोडला. पडद्यापलीकडे लोक अजून वन्स मोर ओरडतच होते.

चंद्रपूरच्या दवाखान्यात कळलं की फ्लू छातीत उतरला, न्यूमोनिया झाला. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क, हाताला सलाईन. मी आणि वहिनी भिंतीला टेकून बसलेल्या. कितीतरी दिवसांनी तू मास्क बाजूला केलास आणि मला जवळ बोलावलंस. मला वाटलं, पोरांबद्दल काही सांगायचं असेल. तू विचारलंस, "वन्स मोर कितीदा आला वो?" मुडद्या, वाटलं तिथेच एक ठेवून द्यावी तुला!

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना समोर बसवून समजावलं. ही फुप्फुसं आधीच कोंड्यानं आणि बिडीनं खाल्लेली आहेत, जास्तीचं काही त्यात शिल्लक नाही. चांगल्या माणसाला फ्लू झाला तर तो बहुधा निजून उठतो. यांचा फ्लू खाली उतरायला वेळ लागत नाही. "आणखी एक असा न्यूमोनिया झाला तर नाटकाचं सोडाच, माणूस हाती लागायचा नाही." बिडी बंद. पंप रोज. फ्लूची सुई दरवर्षी, कारण तो विषाणू रूप बदलत राहतो. न्यूमोनियाची सुई वेगळी, ती दरवर्षी लागत नाही. आणि मंडया सुरू व्हायच्या पंधरवडाभर आधी घ्या, अंगात ताकद तयार व्हायला वेळ लागतो.

बिडी तू सोडलीस. खरंच सोडलीस, याचं मला अजून नवल वाटतं. पण सुईचं नाव काढलं की तुझी पळवाट तयार. "सुई बिमार माणसाले देते. मी आता बिमार कुठी हाओ?" मग, "ताप आला तं? आवाज बसला तं? मंडई काय तू करशील?" मग तर कहरच, "त्या सुईतूनच फ्लू टोचते म्हणते बाप्पा!" डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की त्यात जिवंत विषाणू नसतो, त्यानं फ्लू होत नाही, फार तर दंड दुखेल, अंग कसकसेल. मी तुला ते सांगितलं, वहिनीनं सांगितलं, तुझ्या पोरानं फोनवरून सांगितलं. तू सगळ्यांना होय होय म्हणायचास आणि चंद्रपूरच्या गाडीच्या वेळी नेमका गायब.

तालमीचा नारळ फुटायच्या दिवशी माझं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत उभी राहिले आणि म्हणाले, "सुई नाई तं माय नाई. यंदा मी या माणसाची माय होत नाही. कंपनीनं दुसरी पाहावी."

तू म्हणालास, "हे काय बोलून राह्यली तू?"

"बरोबर बोलून राह्यली. मले पुन्हा त्या पडद्याची दोरी ओढायची नाई."

तू हातातला खोबऱ्याचा तुकडा खिशात टाकलास. खाल्लाही नाहीस. तुला माहीत होतं, दुसरी कोणी माय झाली तर तुला एवढं मनापासून शिव्या घालणारी मिळायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात, इस्त्रीचा सदरा घालून. "चाल, कुठी जायचं आहे?"

आणि दवाखान्यात कळलं खरं कारण. खंजीर काढून अख्ख्या गावाला कापायला निघणारा माणूस सुईला भीत होता! तुझे तळहात ओले झाले होते. सिस्टर आली, तुला निरखून पाहिलं आणि म्हणाली, "हेच ना ते? मायले पावसात बाहेर काढते ते?" तिच्या माहेरी आपलं नाटक झालं होतं. तू एकदम छाती फुगवलीस. ती म्हणाली, "बाही वर करा. मायच्या वाटची देते तुम्हाले." तू माझा हात असा आवळलास की माझी बांगडी फुटली. डोळे घट्ट मिटून म्हणालास, "झालं का हो?" ती कापूस फेकून हात धुऊन मोकळी झाली होती. त्या दिवशी मी एसटीत हसले ती मूल येईपर्यंत. तू रुसून खिडकीबाहेर पाहत होतास, मग तूही हसलास, आणि हसता हसता खोकलास, आणि पंप ओढून पुन्हा हसलास.

पुढच्या साली तर वेगळंच. तू कंपनीला दम भरलास, "माह्या गाडीत बसायचं असन तं सुई घेऊन या." ऑर्गनवाला, तबलजी, हिरोईन, सगळ्यांची वरात काढलीस चंद्रपूरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे फार चांगलं केलंत, अवतीभवतीच्यांनी घेतली की यांचाही बचाव. ते ऐकून तू जो फुगलास! आणि नाटकात घुसडलेलं ते वाक्य! हिरोला खांबाला बांधलेलं, खंजीर त्याच्या गळ्याला लावलेला, आणि तू लेखकाचं वाक्य सोडून म्हणालास, "तुले मी मारत नाही. तुले मी सुई न देता मंडईत सोडून देतो!" पेंडाल असा फुटला की हिरोही बांधल्या बांधल्या हसायला लागला. लेखक आठवडाभर तुझ्याशी बोलला नाही.

आपलं भांडण मात्र मिटलं नाही. थंडीत तुझं नाक वाहायला लागलं की फोन यायचा, "बाई, तुझी सुई फेल गेली!"

"नाकच वाहते ना? छातीत तं नाई उतरलं?"

मग तू पुन्हा, "मले सुईनं नाई, पब्लिकनं जगवलं."

"पब्लिक तुले मरतानी वन्स मोर देऊन राह्यली होती, शहाण्या!"

एका साली सुई घेऊनही तुला चांगला ताप भरला. तपासलं तर फ्लूच. मी तुझ्या खाटेशी बसून राहिले. पण तो वरच्यावर गेला. तू उठून बसलास आणि आंबिल मागितलीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुई घेतली की फ्लू होतच नाही असं कोणी सांगितलं? झाला तरी त्याला सहसा खाली उतरू देत नाही, हे तिचं काम. मी तुझ्याकडे विजयानं पाहिलं. तू भिंतीकडे तोंड केलंस. आता खरं सांग भाऊ, तू मनातून मानलं होतंस ना? तोंडानं कबूल करायला काय तुझ्या बापाचं जात होतं! हे भांडण मी जिंकले होते, आणि ते ऐकायला तू आता नाहीस. मला तुझी फार आठवण येते, आणि रागही येतो.

सुईनं न्यूमोनिया अडवला. झिजणं अडवायची सुई अजून निघाली नाही. तुझं सात मजली हसणं हळूहळू दोन मजल्यांवर आलं. तू बसून हसायला लागलास. मग ऑर्गनवाल्यानं तुझं जुनं हसणं मोबाइलमधून काढून भोंग्यावर लावलं आणि तू नुसतं तोंड उघडायचास. मला ते पाहवत नव्हतं. तू मात्र मजेत. "पाह्य, माह्याहून चांगला हसते मी!"

गेल्या मंडईत तेही होईना. घरी ऑक्सिजनची मशीन आली होती. आम्ही म्हणालो, भाऊ, आता समोर खुर्ची टाकून पाहा. तू म्हणालास, "मले मुडद्याचं काम द्या. बोलायचं नाई, हलायचं नाई." डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला, पण थोड्या वेळापुरतं हो म्हणाल्या. असं करून खलनायक पडदा उघडायच्या आधीच मेलेला, तिरडीवर, पांढऱ्या चादरीत, आणि मी उशाशी रडायला.

पडदा उघडला. तुझी छाती भात्यासारखी वर खाली, वर खाली. बाकी सगळा मेलेला, छाती मात्र जिवंत! पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठून उभीच राहिली, "बाप्पा वो! मुडदा दम घेऊन राह्यला!" झालं! सगळा पेंडाल पोट धरून हसायला लागला. मी काय करणार? हंबरडा फोडला आणि तुझ्या छातीवर पदर टाकून आडवी झाले, झाकायला. माझा कान तुझ्या छातीवर. आत शिट्टी वाजत होती, एक आत येतानाची, एक बाहेर जातानाची. किती मेहनत रे एवढ्याशा हवेसाठी! मला खरं रडू आलं. तेवढ्यात तू डोळे मिटूनच पुटपुटलास, "लय जड आहेस वो तू." मग मी रडत होते का हसत होते, मलाच कळेना. लोकांनी त्याही प्रवेशाला वन्स मोर दिला, आणि तू मेल्या मेल्या हात वर करून नमस्कार केलास.

तू गेलास तो भाद्रपदात. ना फ्लू, ना न्यूमोनिया, ना दवाखान्याची धावपळ. फुप्फुसं थकली होती, त्यांना ओढून ओढून काळीजही थकलं. दुपारी दोन घास जेवलास, निजलास, आणि वहिनी चहाला उठवायला गेली तर तू उठला नाहीस. मी पोचले तेव्हा बैठकीत तुला सरळ निजवलं होतं, पांढऱ्या चादरीत. भन्तेजी यायचे होते. गाव गोळा झालं होतं. मला उशाशी जागा करून दिली.

काय सांगू भाऊ, बसल्याबरोबर माझा हात सवयीनं पदराकडे गेला, तुझी छाती झाकायला. मग मी पाहिलं. चादर हलत नव्हती. मी पाहत राहिले, पाहत राहिले, नाहीच हलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू असा आरामात पडला होतास, हवेमागे न धावता. रडू मागाहून आलं, भरपूर आलं. पण आधी मनात काय आलं ते सांगते. वाटलं, अरे, आज किती सुंदर काम करून राह्यला हा! आणि मी मान वर करून समोरच्या लोकांकडे पाहिलं.

कोणीच हसलं नाही.